तयार बाथरूम विकणारा शेजारी

अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिन गावात आमच्या टाउनहाउसला लागून राहणारा हा गृहस्थ इथे बसून युरोपातल्या बिल्डरांना कारखान्यात बनलेल्या अख्ख्या बाथरूम विकतो. "तिकडे कारागीरच मिळत नाहीत यार. बाथरूम ट्रकने येते, क्रेनने वर चढते, नळ जोडले की संपलं!" कुणाच्याही घरी गेला की चहाआधी बाथरूममध्ये शिरतो, टाइल्सवर टकटक करतो आणि न विचारता निकाल देतो. मला ते मुळीच आवडत नसे.

नागपूरहून आई आली, तेव्हाही तो शिरलाच. या वेळी मात्र गप्प बाहेर आला आणि आईशेजारी बसून हळूच म्हणाला, "मावशी, टब कोरडा ठणठणीत आहे. आत चढायची भीती वाटते ना?"

"हो रे. बेसिनपाशीच अंग पुसून घेते. पण माझ्या मुलाला नको सांगूस, उगाच काळजी करत बसेल."

मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होतो.

शनिवारी तो ड्रिल घेऊन आला आणि टबाजवळ धरायला स्टीलचा दांडा बसवून गेला. "कंपनीचं सँपल पडून होतं, मावशी."

दांड्यावर इथल्याच हार्डवेअरच्या दुकानाचं लेबल तसंच होतं. आईला दिसायच्या आत मी ते नखाने खरवडून काढलं.