गाठीपाशी तुटलेली दोरी

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी गिऱ्हाइकाला दोरी मापून देत होतो. किती वाव झाले ते विसरलो, पुन्हा मापलं, पुन्हा विसरलो... शेवटी अख्खं भेंडोळंच देऊन टाकलं. दत्ता असता तर म्हणाला असता, "शेठ, आज सूर्य कुठनं उगावला?"

त्याला जाऊन आता दीड महिना झाला. घोडेगावच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मी वडिलांच्या दोरी-सुतळीच्या दुकानात बसलो, आणि तळेघरचा दत्ता पुण्याला प्रयोगशाळेत प्लॅस्टिक शिजवायला गेला. माझ्या लेखी तो तेच करायचा. पॉलिएस्टरमध्ये द्रवस्फटिकी पॉलिमर मिसळून त्याची ताकद वाढवायची, हे त्याचं आयुष्यभराचं खूळ. मला समजावून सांगायचा, "मातीत पेंढा घालून भित लिंपत्यात ना, तसं. फकस्त हितं पेंढा आतल्या आत तयार व्हतो. वितळलेलं ओढलं की त्याचे रेणू रांगेत बसत्यात." मी मान डोलवायचो. कळायचं कमी, पण सांगताना त्याचा चेहरा असा खुलायचा की मधे बोलणं जिवावर यायचं.

एकदा तो त्या मिश्रणाची दोरी घेऊन थेट दुकानात आला. टोमॅटोच्या मांडवाला आपल्या भागात ही दोरी वापरली जावी, एवढीच त्याची इच्छा. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर ती साध्या दोरीपेक्षा कितीतरी जास्त ताण सोसत होती. चार-पाच शेतकरी जमले. मी खांबाला गाठ मारली, हिसका दिला, आणि दोरी गाठीपाशीच कट्कन तुटली. सगळे हसले. दत्ताचं तोंड पडलं.

"लॅबमधी आमी चिमट्यात धरून ओढतो रं. गाठ कोण मारतंय तिथं? अन् मी शेतकऱ्याचा पोरगा!" मग तोही हसत सुटला. "शेठ, पुन्हा बांध." दुपारभर मी बांधत होतो, तोडत होतो, आणि तो वहीत लिहीत होता.

प्रयोगशाळेतले त्याचे साहेब म्हणाले, सरळ ताणाचे आकडे उत्तम आहेत, गाठीचं अहवालात घालू नका. पुढचं काम त्यावरच मंजूर व्हायचं होतं. मीही शहाणपणा शिकवला, "कशाला आपल्याच पायावर धोंडा मारून घेतोस?"

"भर हंगामात मांडव खाली आला, तर त्यो शेतकरी कुणाच्या नावानं बोंब मारंल?"

त्याने लिहिलंच. काम दोन वर्षं रखडलं. मग मिश्रण बदलून, दोन्ही पदार्थ एकमेकांना धरतील असं तिसरं काहीतरी घालून तो पुन्हा त्या दोरीच्या मागे लागला, तो थेट आजारी पडेपर्यंत.

मागच्या आठवड्यात त्याची मुलगी दोरीचं एक रीळ घेऊन दुकानात आली. बाबांच्या कपाटात सापडलं म्हणाली. वरच्या चिठ्ठीवर दत्ताचं अक्षर होतं: 'आधी शेठला तोडायला द्यावी.'

मी बाह्या सारल्या आणि खांबाला गाठ मारली. देवाशपथ सांगतो, ती तुटू नये असंच वाटत होतं. पण ओढताना कुचराई केली नाही. पाय रोवून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर ओढली...

माझे तळहात सोलले. दोरी तशीच होती.