आलेखाखालची नावं

सेमिनारच्या पडद्यावर आलेख उमटला आणि मी तो लगेच ओळखला. प्रकाशाचा मारा झाला की प्रोटॉन क्षणभर उत्तेजित होतो आणि मोडतो. तो क्षण समजायला बाहेर पडलेले कण नुसते मोजून भागत नाही; त्यांची फिरकी कुठे कललीय, म्हणजे त्यांचं ध्रुवण, तेही मोजावं लागतं. त्या मोजणीत माझी चार वर्षं गेली होती. आलेखाखाली पाच नावं होती. माझं नव्हतं.

बोलत होते माझे मार्गदर्शक सर. मी तापाने पडले तेव्हा आठवडाभर घरून डबा आणणारे. माणसाने आपल्यासाठी काय काय केलं ते आपण मोजत राहतो, त्याचा कल बघायचा मात्र राहून जातो.

"हा एक बिंदू इतका खाली कसा?" मागून कुणीतरी विचारलं.

सर अडखळले. मग हसून माझ्याकडे वळले. "अगं, सांग ना तू!"

मी उठले.

"मी हे मोजत होते त्या दिवशी," मी म्हणाले, "प्रोटॉनचा गोठवलेला नमुना थोडा तापला होता. त्यामुळे त्यांच्या फिरकीचा कल विस्कटला."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सर घाईघाईने पुढची स्लाइड शोधू लागले.