गोगलगाईचा कोरा रकाना

आमच्या पेपरात त्याला सगळे गोगलगाय म्हणायचे. हे नाव मीच ठेवलं होतं, आणि ते चिकटलं याचा मला अजून अभिमान आहे. बातमी आणायला उशीर, लिहायला उशीर, जेवायलाही उशीर. तो डबा उघडायचा तेव्हा आमचे डबे धुऊन झालेले असायचे. 'गोगलगाय नि पोटात पाय' म्हणतात, तेव्हा ह्याच्याही पोटात पाय असणारच, म्हणून मी नऊ वर्षं शोधले. सापडले नाहीत. माणूस आतून-बाहेरून सारखा होता, आणि माझ्या पोटात दुखायचं ते नेमकं त्यामुळेच.

घरीही सुटका नव्हती. पेपर उघडला की बायको आधी त्याचं नाव शोधायची, तेही मी समोर बसलेलो असताना. "ह्यांचं वाचलं की काय झालं ते कळतं तरी," म्हणायची. माझं का वाचत नाहीस, विचारलं तर म्हणाली, "तुमचं काय, तुम्ही घरी सांगताच की."

निवडणुकीत आमचा पेपर उमेदवारांना प्रामाणिकपणाचे गुण द्यायचा. जाहीर सवाल-जवाब झाले की ऑफिसात टेबलांवरून एक कागद फिरायचा. प्रत्येक बातमीदाराने दहापैकी गुण लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी सरासरी पहिल्या पानावर. कागद आधी माझ्याकडे यायचा, कारण सगळ्यांत जुना मी. मी आठ लिहिले की पुढचा साडेसात लिहायचा, त्याच्या पुढचा पुन्हा आठ. री ओढायला काय लागतं? आणि माझे आठ तरी कुठून यायचे? सभागृहाबाहेर इतर पेपरवाल्यांबरोबर चहा व्हायचा, तिथेच खरा कोण नि खोटा कोण ते ठरून जायचं. एकट्याने वेगळं लिहिलं की त्याचे साहेब विचारणार, 'बाकीच्यांना दिसलं ते तुलाच कसं दिसलं नाही?' त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून चुकलेलं बरं.

गोगलगाय आपला रकाना कोरा सोडायचा. "नुसतं तोंड बघून मला नाही कळत, दादा," म्हणायचा. शिष्ट कुठला.

त्या वर्षी महापौरपदाला दोघं उभे होते, एक डॉक्टर आणि एक प्लंबर. दोघंही आधी पालिकेत निवडून आलेले. पालिकेने जुन्या वस्तीतला दवाखाना बंद केला होता, त्यावर दोघांना प्रश्न आला. डॉक्टर हसत म्हणाले, "तो ठराव झाला त्या बैठकीला मी नव्हतोच." प्लंबर दोनदा पाणी प्याला, मान खाजवली, मग म्हणाला, "मी विरोध केला होता. तारीख विचाराल तर नाही आठवत." चहा संपायच्या आत निकाल लागला. डॉक्टर सरळ, प्लंबर लबाड. मी आठ आणि दोन लिहिले. शहरातल्या प्रत्येक पेपरात तेच आलं.

गोगलगाय दोन दिवस दिसला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आला तो पालिकेतून त्या बैठकीच्या नकला घेऊन. हजेरीत डॉक्टरांची सही होती, ठरावाच्या बाजूने मतही होतं. विरोध एकट्या प्लंबरचा. उद्याचा अंक मतदानाआधीचा शेवटचा होता.

"दादा, साहेबांना दाखवायच्या आधी तुम्ही एकदा बघता का?" म्हणत त्याने कागद माझ्या टेबलावर ठेवले.

मी तीनदा वाचले. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. उद्या पहिलं पान त्याचं असणार, माझ्या आठ आणि दोनवर सगळं गाव हसणार, आणि माझी बायको ते पान कापून जपून ठेवणार. माझा नुसता जळफळाट झाला.

दुपारी संपादकसाहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. ते कागद उलटेसुलटे करत होते. "सगळं शहर एक म्हणतंय आणि आपण भलतंच? डॉक्टर कोर्टात खेचतील."

"दादांनी कागद पाहिलेत," गोगलगाय म्हणाला. "त्यांना विचारा."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही हो म्हणा, उद्या छापतो."

"मी वरवर चाळलेत, साहेब," मी म्हणालो. "सही डॉक्टरांचीच आहे का, ते छातीठोक नाही सांगता येणार. मतदान होऊ द्या, मग बघू."

साहेबांना तेच हवं होतं. त्यांनी फाईल मिटून त्याच्या हातात दिली.

जिन्यात त्याने मला गाठलं. भांडेल म्हणून मी उत्तरं जुळवून ठेवली होती. भांडला असता तर बरं झालं असतं.

"चूक माझीच, दादा," तो म्हणाला. "मी स्वतः दोन दिवस घेतले आणि तुम्हाला अर्धा दिवससुद्धा दिला नाही. खात्री नसताना तुम्ही हो म्हणाला नाहीत, ते बरोबरच केलंत."

तो मनापासून बोलत होता. एकेका सहीसाठी पालिकेत दोन दिवस घालवणाऱ्या माणसाने माझा शब्द जसाच्या तसा घेतला होता. त्याचा लेख तर मी अडवला होताच. पण कुणावर इतका विश्वास टाकणं मला जन्मात जमलं नाही, आणि त्याच्यामागून जिना उतरताना मला त्या विश्वासाचाही हेवा वाटला.