दोन ते चारचा पहारा

माझा धाकटा दीर कानिफनाथ. त्याच्या अंगात किती लोखंड आहे ते मला पाठ आहे, कारण दवाखान्याचे कागद मीच सांभाळते. उजव्या मांडीत कमरेपासून गुडघ्यापर्यंत सळई, नडगीला पट्टी आणि सात स्क्रू, डाव्या हातात दोन पट्ट्या, जबड्यात तार. थंडीत हे सगळं गार पडतं आणि तो चुलीपुढून उठत नाही. उन्हाळ्यात पाय सुजतो. बरे दिवस असे त्याला नाहीतच.

माझा मुलगा सुनील सुप्याला कंपनीत आहे. त्याची मुलगी अश्विनी सुट्टीला आमच्याकडे येते. तिच्या चित्रांच्या पुस्तकात एक दुष्ट माणूस आहे. सगळं अंग धातूचं, तुरुंग भोगून आलेला. त्याला गोळी लागत नाही, गाडी उचलून फेकतो. तिने ते चित्र कानिफपुढे धरलं.

"आजोबा, हे तुम्ही."

कानिफने बराच वेळ पाहिलं. "ह्याला उठता-बसता दुखत न्हाई का गं?"

"छे! हा कधी थकतच नाही."

"मग ह्यो मी न्हाई," म्हणाला आणि पुस्तक परत दिलं. पण शेजारच्या पोरांनी ऐकलं होतं. चार दिवसांत गावभर 'लोखंड्या' झालं. त्याआधी 'डीपीचोर' म्हणत. त्या मानाने हे बरंच म्हणायचं.

डीपीचोर म्हणत ते काही खोटं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी नेवाशाकडच्या दोघांच्या नादाने तो आमच्याच शिवारातली विजेची डीपी फोडायला गेला. आतलं तांबं विकायचं होतं. खांबावर चढला आणि शॉक लागून खाली दगडांवर पडला. ते दोघे पळाले. हा पहाटे लोकांना सापडला. दोन महिने दवाखाना, मग अडीच वर्षं तुरुंग. इकडे बावीस दिवस शिवारात वीज नव्हती. कारभारी अप्पांचा बियाण्याचा कांदा उभ्याने वाळला. अप्पा तेव्हाही सप्ताहाचे प्रमुख होते, आजही आहेत.

माझ्या सासूबाई झुंबरबाई त्या दिवसापासून देवळात गेल्या नाहीत. देऊळ आमच्या दारासमोर, मध्ये फक्त रस्ता. त्या उंबऱ्यातूनच हात जोडायच्या. मी म्हणायची, चला माझ्याबरोबर. त्या म्हणायच्या, "कोन्त्या तोंडानं येऊ?" तुरुंगातून आल्यावर कानिफने माळ घातली, मटण-दारू सोडली, देवळाचं अंगण रोज झाडू लागला. तरी त्या उंबऱ्यातच. मीही काही फार वेगळी नव्हते. तो घरात असला की माझ्या कपाटाची किल्ली कमरेला असायची. खोटं कशाला लिहू.

यंदा चैत्रात सप्ताह बसला. सात दिवस वीणा अखंड उभी असते. ज्याच्या गळ्यात वीणा तो बसत नाही, टेकत नाही, आणि पुढचा माणूस आल्याशिवाय ती सोडत नाही. वीणा खाली ठेवली गेली तर सप्ताह खंडित झाला म्हणतात, आणि ज्याच्या हातून झाला त्याचं नाव पिढ्यानपिढ्या निघतं. दोन-दोन तासांचे पहारे फळ्यावर लिहितात. दुपारी दोन ते चार कुणाला नको असतो. पंगत झालेली, पत्रे तापलेले, सगळा मांडव आडवा. तो रकाना रिकामा बघून कानिफ अप्पांकडे गेला.

"अप्पा, दोन ते चार मला द्या."

"तुला व्हय?" अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "ईन्याला तारा असत्यात बरं का. पहारा झाला की मोजून घ्याव्या लागतील आमाला."

मांडवातले सगळे हसले. कानिफही हसला. त्याला सवय आहे.

"मोजा की. पन द्या."

दिला. दुसरं कुणी नव्हतंच.

मी त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "भावजी, दोन तास हो! तुम्हाला दूध आणायला गेलं तरी वाटेत दोनदा बसावं लागतं."

"आई येईल, वहिनी," एवढंच म्हणाला. "मी ईना घेतलेला बघाय आई येईल."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता त्याने वीणा घेतली. मी पहाटे पाचपासून पंगतीच्या भाकरी थापत होते, पाठीचा काटा ढिला झाला होता, तरी खांबाला टेकून बसले. तो सगळा भार डाव्या पायावर घेऊन उभा होता. उजवा नुसता टेकवलेला. ओठातल्या ओठात रामकृष्णहरी.

अडीचच्या सुमारास सासूबाई आल्या. काठी, डोक्यावर पदर, अनवाणी. रस्ता तापला होता, पण चपला घालायचं सुचलं नसावं. नऊ वर्षांनी देवळाची पायरी चढल्या. आधी देवाला हात जोडले, मग लेकापुढे वाकायला लागल्या.

वीणेकऱ्याच्या पाया सगळ्यांनीच पडायचं असतं, थोर असो की लहान. तरी कानिफ कळवळला. "आई, नको गं."

"तुज्या कुटं पडती? ईन्याच्या पडती," म्हणाल्या. आणि वाकल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत. मी धरून बसवलं. त्यांचा तळवा पोळला होता. मी ओला पदर लावत राहिले.

साडेतीननंतर त्याचा पाय थरथरू लागला. चार वाजले. फळ्यावर चार ते सहाला कारभारी अप्पांचं नाव. अप्पा नाहीत. सव्वाचार झाले. मी उठून बाहेर गेले, तर अप्पा पाराच्या सावलीत बशीत चहा ओतून घेत होते.

"अप्पा, चार वाजून गेले."

"आलो की. चहा घेऊ द्या."

"ती तिसरी बशी आहे तुमची."

"मोजताय व्हय?"

"तुम्हीच मोजायला शिकवलं काल."

ते हसले नाहीत. बशी खाली ठेवून हळू म्हणाले, "वहिनी, ईना घ्यायचा म्हंजे आदी त्याच्या पाया पडावं लागतंय. माजा कांदा वाळला तवा रडलो मी बांधावर बसून. तुमी बघितलंय. न्हाई वाकवत मला."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. ते खरंच बोलत होते.

"मग दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

"माज्या पहाऱ्यात कोन शिरतंय!"

मांडवात परत आले. चौघे-पाच जण जागे होऊन बसले होते, पण अप्पांच्या जागी उभं राहायला कुणी तयार नव्हतं. जो तो दुसऱ्याकडे बघत होता. कानिफचा चेहरा पांढरा पडला होता, घाम हनुवटीवरून वीणेवर गळत होता.

"वहिनी," तो म्हणाला, "पाय गेला. आता पडतो मी. ईना धरा कुनीतरी, ईना खाली नको जायाला."

आमच्याकडे बायांचा पहारा सकाळी नऊ ते अकरा, तेवढाच. दुपारी बाईने वीणा घेतल्याचं मला आठवत नाही. त्यात मी थोरली भावजय, आणि तो धाकटा दीर, ज्याला मी तुरुंगातून आल्यापासून ताट सरकवून दिलं, हातात कधी दिलं नाही. हे सगळं मनात आलं आणि तेवढ्यात गेलंही, कारण तो खरोखर झुकायला लागला होता.

मी पुढे झाले, वाकले आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. उजवा पाय कपड्यावरूनही भाकरीच्या तव्यासारखा गरम लागला. उठून वीणा माझ्या गळ्यात घेतली. तारेवरचा हात सुटल्या क्षणी तो खांबाला धरून खाली घसरला आणि आईच्या मांडीवर डोकं टाकून डोळे मिटले. एक जण माझ्या पाया पडला, मग बाकीचेही पडले.

सहा वाजता अप्पा आले. माझ्या पाया पडले आणि मुकाट्याने वीणा घेतली. कानिफकडे पाहिलं नाही.

त्याला घरी न्यायला टेम्पो बोलवावा लागला, रस्ता ओलांडायला टेम्पो! रात्रभर पाय ओल्या फडक्यात होता. फडकं सासूबाईच बदलत राहिल्या, मला उठू दिलं नाही.

सकाळी फळा पाहिला. दोन ते चार, कानिफनाथ, तसंच होतं. तो पहारा अजूनही कुणाला नकोच आहे. चार ते सहावरून अप्पांनी स्वतःचं नाव पुसून पहाटेला नेलं होतं, आणि तिथे माझं लिहिलं होतं. मला विचारलं नाही. घरी आले तर कानिफ पलंगावरून म्हणाला, "वहिनी, आज बसत बसत जाऊ दोनला, मधी दोन ठिकानी बसू."

अजून चार दिवस आहेत. भाकरी आहेतच. पाय माझेही दुखतात.