पांढऱ्या खड्यांखालची माती

त्या कचेरीत तिला सगळे ‘बोटवाली मावशी’ म्हणत. तीन मजल्यांवरच्या साठ कुंड्या तिच्या ताब्यात, आणि पाणी घालायचं की नाही हे ती मातीत दोन पेरं बोट खुपसून ठरवायची. उजव्या हाताच्या त्या बोटाचं नख कायम काळं. लिफ्टमधल्या पोरी नाकं मुरडायच्या. मावशी मुद्दाम त्याच बोटाने बटण दाबायची.

अकरा वर्षांत तिचं मत कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे नव्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, तिथेच ती अर्धी हरली. टेबलावर तीन ताटल्या होत्या. एकीत झाडाच्या सालीचे तुकडे, एकीत वाळलेलं शेवाळ, एकीत पांढरेशुभ्र गुळगुळीत खडे. उघडी माती पाहुण्यांना बरी दिसत नाही, वर काय पसरायचं ते तुम्हीच सांगा, असं मॅडम म्हणाल्या. तुम्हीच! साल हलकी, बाजूला सारली की बोट खाली जातं, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. पण मॅडमची नजर खड्यांवरून हलत नव्हती, आणि इतक्या मानाने विचारणाऱ्या माणसाचं मन कसं मोडायचं? तिने खड्यांकडे बोट दाखवलं. मॅडम खुलल्या. घरी तिने लेकीला त्या खुर्चीची गोष्ट तीनदा सांगितली.

खडे आले. ते चिखलात रुतू नयेत म्हणून खाली जाड कापड आलं. वर चार बोटं थर, आणि हुकूम सुटला: मांडणीला हात लावायचा नाही. मावशी अंदाजाने पाणी घालू लागली. आंधळ्याने दोरा ओवावा तसं.

महिन्याभरात जिन्याजवळच्या रबराच्या झाडाने पानं टाकायला सुरुवात केली. गुडघ्याएवढं होतं तेव्हा तिने लावलेलं, आता छताला टेकलेलं. पिवळी पानं ती पिशवीत लपवून घरी न्यायची. लेक म्हणाली, सांगून मोकळी हो ना, आई.

“कुठल्या तोंडाने सांगू? निवड माझीच होती.”

साहेबलोकांच्या विचारण्यात हीच मेख असते. मान पाच मिनिटांचा, खापर मात्र कायमचं आपल्या डोक्यावर.

पंधरावं पान गळालं त्या सकाळी मावशीचं डोकं सरकलं. कुणी यायच्या आत तिने रबराच्या कुंडीतले खडे ओंजळीओंजळीने बादलीत टाकले, कापड टराटरा फाडलं आणि बोट खुपसलं. माती लापशीसारखी लिबलिबीत. बोटाला कुजका वास आला.

मागे मॅडम उभ्या होत्या. “मावशी, हे तुम्हीच निवडलं होतं ना?”

“हो. चुकलं माझं. तुम्हाला आवडेल ते निवडलं, झाडाला सोसेल ते नाही.”

मॅडमनी घड्याळ पाहिलं. दुपारी पाहुणे आहेत, तोवर सगळं होतं तसं करा, आपण नंतर बोलू, एवढं सांगून त्या वर गेल्या.

त्या ‘नंतर’चा अर्थ न कळायला मावशी दूधखुळी नव्हती. नोकरी गेली तर पुढे काय, हे तिला ठाऊक नव्हतं. रबराचं झाड जगेल की नाही, तेही सांगता येत नव्हतं. तिने बोट फडक्याला पुसलं, बादली ओढली आणि शेजारच्या कुंडीतले खडे काढायला बसली.