आईची पानं आणि माझा एम्युलेटर

चाळिशी उलटलेला माणूस लहानपणचा व्हिडिओ गेम पुन्हा खेळायचं मनावर घेतो, तेव्हा त्याला कुणी अडवू शकत नाही. बायको नाही, अक्कल नाही, आणि अँटीव्हायरस तर नाहीच. हे मी स्वतःवरून सांगतो.

आम्ही तेव्हा पडेगावला दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायचो. आई, मी आणि माझ्याहून तीन वर्षांनी लहान बहीण. वडील मी पहिलीत असतानाच गेले. आई सरकारी उपकेंद्रात नर्स होती; आसपासच्या खेड्यांतून लसी टोचत, बाळंतपणं करत फिरायची. मी तिसरीत गेलो त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका संध्याकाळी तिने पिशवीतून एक खोका काढला. त्यात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम, दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर हजारो गेम असल्याचं छापलेलं होतं. प्रत्यक्षात दहा-बाराच होते, तेच वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा यायचे. एवढी उघड फसवणूक आयुष्यात नंतर कुणी केली असती तर मी भांडलो असतो. तेव्हा आम्ही दोघं खोक्याभोवती नाचलो.

टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे गेममधली झाडं हिरवी होती हे मला फार उशिरा कळलं. कॅसेट अडली की काढायची, फुंकर मारायची, पुन्हा दाबायची. अ‍ॅडॅप्टर इतका तापायचा की बहीण त्याला पुठ्ठ्याने वारा घालत बसायची. रणगाड्यांच्या गेममध्ये आम्ही दोघं एका बाजूने लढायचो, पण ही बाई शत्रू सोडून माझाच रणगाडा उडवायची आणि वर "तूच मधी आला" म्हणायची. मोटरसायकलच्या शर्यतीत वळण आलं की ती रिमोटसकट स्वतः वळायची आणि चटईवर आडवी व्हायची. बदकं मारताना बंदुकीची नळी थेट काचेला टेकवायची. शेवटच्या फेरीला हमखास लाइट जायची. आम्ही डब्यातले गूळ-शेंगदाणे खात ती यायची वाट बघायचो. बाहेर ऊन, आत पत्रे तापलेले, घामाने रिमोट निसटायचा, आणि तरी संध्याकाळी आई येईपर्यंत आम्हाला भूक-तहान सुचायची नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ कोणता, असं कुणी विचारलं तर मी क्षणभरही विचार न करता तोच उन्हाळा सांगायचो.

पुढे तो गेम बिघडला, घरं बदलली आणि पिवळी कॅसेट कुठल्या तरी सामानात गेली. बहीण लग्न होऊन पैठणला गेली. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात लागलो. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, हे माझं काम. यंदा राखीला बहीण येणार होती, तेव्हा तिला तोच रणगाड्यांचा गेम समोर मांडून चकित करायचं मी ठरवलं. जुन्या यंत्राची नक्कल कॉम्प्युटरमध्ये करणारा प्रोग्रॅम असतो, त्याला एम्युलेटर म्हणतात, एवढं मला माहीत होतं.

पण घरातला कॉम्प्युटर खरं तर आईचा होता. निवृत्त झाल्यावर ती आपल्या नोकरीच्या, खेड्यांच्या, बाळंतपणांच्या आठवणी वह्यांमध्ये लिहायला लागली होती. मग डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर हळूहळू जाणार, सांभाळता येईल तेवढी सांभाळायची. पडद्यावर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, म्हणून मीच तिला टायपिंग शिकवलं. ती एका बोटाने लिहायची. "ज्ञ कुठं दडवलाय रे ह्यांनी?" असं विचारत, रोज सकाळी दोन तास. दीड वर्षात एकशे बारा पानं झाली. नजर जायच्या आत पुरं करायचं, ही एकच घाई तिला होती. मला वाचू द्यायची नाही. "पुरं झाल्यावर वाच," म्हणायची.

"ह्याच्यात राहतं ना पण नीट?" तिने एकदा विचारलं होतं.

"आई, वहीपेक्षा सेफ," मी म्हणालो होतो. माझ्या त्या शब्दावर तिने दिवाळीच्या साफसफाईत, उतरवून झालेल्या वह्या रद्दीत घातल्या.

एम्युलेटर शोधायला बसलो तर एका पानावर डाउनलोडची पाच बटणं होती. मी त्यातलं सगळ्यात मोठं, हिरवं बटण दाबलं. अँटीव्हायरसने लाल पट्टी दाखवून बोंब मारली. त्या साइटवरच लिहिलं होतं, अशी सूचना येते, घाबरू नका, अँटीव्हायरस थोडा वेळ बंद ठेवा. कारखान्यात एखाद्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता. इथे मात्र मी तो आज्ञाधारकपणे बंद केला. आणि गेम सुरू झाला! तीच सुरुवातीची धून, तोच विटांचा किल्ला, आणि झाडं खरोखर हिरवी. माझे डोळे भरून आले, सांगायला लाज नाही.

आई स्वयंपाकघरातून आली. चष्मा सारखा करून पडद्याकडे बघत म्हणाली, "ह्यानं कॉम्प्युटरला काय होणार तर नाय ना?"

"गेमच आहे गं. त्याने काय होतंय?"

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने हाक मारली. "माझी पानं उघडंनात रे."

फाइल होती, पण तिच्या नावापुढे भलतीच शेपटी लागली होती आणि उघडली की नुसती चिन्हं. फोटो गेले, कागदपत्रं गेली, आणि पडद्यावर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी: पैसे भरा, तरच फायली उघडतील. मी कॉम्प्युटर तसाच उचलून टीव्ही सेंटर भागातल्या, शाळेतल्या मित्राच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. वाटेत रिक्षात मी कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसलो होतो.

मित्राने दुपारपर्यंत खटपट केली. मी म्हणालो, "ह्या एम्युलेटरने वाट लावली यार."

"एम्युलेटर का कसूर नक्को निकाल," तो म्हणाला. "मेरे खुद के पास है. बनानेवाले की असली साइट से लिया तो कुछ नहीं करता बिचारा. तूने लिया कहाँ से? और ऊपर से अँटीव्हायरस बंद? घर का कुत्ता बांध के चोर को चाय पिलाया तू."

मग त्याने मला गप्प बसवून समजावलं. प्रोग्रॅम चांगला असला तरी त्याच्या नावाने काहीही वाटणारे बसलेले असतात. खेळाच्या फायली इकडून तिकडून उचलल्या तर त्या कायद्यानेही आपल्या नसतात. आणि महत्त्वाचं जे असेल त्याची दुसरी प्रत वेगळ्या जागी हवीच. शेवटी खुर्ची मागे सरकवून तो म्हणाला, "अम्मी का लिखा हुआ वापस नहीं आता रे. सॉरी." माझ्या हातात चहाचा कप होता. तो कुठे ठेवायचा हे मला सुचेना.

आईला सांगताना मी तिच्याकडे बघू शकलो नाही. चुकलो, म्हणालो. हजारदा म्हणालो असेन. ती पलंगाच्या कडेला हात मांडीत घेऊन बसली होती. म्हणाली, "गेली म्हण की." एवढंच. ती रागावली असती तर बरं झालं असतं. राखीला बहीण आली, ओवाळून गेली. गेमचा विषय मी काढला नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी आईने माझ्यापुढे की-बोर्ड सरकवला.

"बस. मी सांगते, तू बडव."

"जेवढं आठवेल तेवढं सांग," मी म्हणालो. "मागच्यासारखं नाही झालं तरी चालेल."

"मागच्यासारखं नकोच. ते लई चांगलं चांगलं लिहिलं होतं मी. लोक वाचतील म्हणून. आता मलाच धड दिसंना, तर कुणाला भ्यायचं? आता जसं झालं तसं सांगते."

मी नवी फाइल उघडली. पेनड्राइव्ह आधीच लावून ठेवला होता, आणि रोजचं पान छापून काढायचं हेही ठरवून टाकलं होतं. आई भिंतीकडे तोंड करून, उपकेंद्रातल्या वहीत नोंद सांगावी तशा आवाजात बोलू लागली.

"लिही. मालक गेल्यावर पोरांना ठेवायला कुणी नव्हतं. शाळा असली की निभायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी डुटीला जाताना बाहेरून कुलूप लावून जायचे. पोरगं तिसरीत, पोरगी पाच वर्षांची. दोघं आतून दार बडवायची. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचं. मी मागं वळून बघायचे नाय, बघितलं असतं तर बस चुकली असती. दिवसभर लोकांची लेकरं हातात घ्यायचे आणि डोळ्यापुढं ते कुलूप असायचं. आत कायी झालं, आग लागली, तर दार कोण उघडंल? मग पगार झाल्यावर तो टीव्हीचा खेळ आणला. दुसऱ्या दिवसापासून पोरांनी दार वाजवलं नाय."

माझी बोटं की-बोर्डवर थांबली. मी तो सगळा उन्हाळा डोळ्यापुढे आणून पाहिला. चटई दिसली, तापलेला अ‍ॅडॅप्टर दिसला, आडवी झालेली बहीण दिसली.

"थांबलास का?" तिने विचारलं.

"आई, मला ते दार आठवतच नाही गं."

"नाय आठवणार," ती म्हणाली. "त्याच्यासाठीच तर आणला होता."