बोटभर शिरा

ह्यांची चाल बिघडली तेव्हा डॉक्टरांच्या आधी गल्लीनं निदान केलं. "पितात वाटते." जन्मात थेंब न घेतलेले माझे यजमान भरदुपारी भाजीची पिशवी घेऊन झोकांड्या देत यायचे आणि शेजारीण पडद्याआडून पाहायची. असा संताप यायचा! मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, गहू बंद. गव्हातल्या ग्लुटेनशी ह्यांचं शरीर भांडतं, आणि त्या भांडणात मार खातो मेंदूचा तोल सांभाळणारा भाग. "गेलं ते किती परत येईल, सांगता येत नाही. आहे ते राखा. कणभरही गहू नको," म्हणाले.

सासूबाईंना हे पटेचना. "पोट तं दुखत नाही त्याचं, मंग गहू काहून बाधंल? लटपटून राहिले पाय अन् बंद केली पोळी! रोग म्हशीले अन् औषध पखालीले."

मी मात्र हट्टाला पेटले. चक्कीवर आधी गहूच दळलेला असतो, म्हणून ज्वारीसाठी घरघंटी घेतली. पोळपाट नवा, तवा नवा. हिंगात मैदा असतो हे कळल्यावर फोडणीतून हिंगही हाकलला. लग्नाकार्यात ह्यांचा डबा घेऊन गेले, टोमणे ऐकले. आणि एवढं करून पुन्हा रक्त तपासलं, तर ग्लुटेनशी चाललेल्या भांडणाचा आकडा जागचा हललेला नाही! चाल तर आणखीच बिघडलेली. डॉक्टर म्हणाले, "कुठूनतरी गहू पोटात जातोय."

माझं डोकंच फिरलं. ऑटोत बसल्या बसल्या सुरू झाले. "कुठे खाता? कचोरी? समोसा? बोला ना!"

"बाहेरचं मी काही खात नाही," हे म्हणाले आणि रस्त्याकडे पाहत बसले.

त्या गुरुवारी मी बाजारातून लवकर परतले. देवघरासमोर हे पाटावर बसलेले, आणि सासूबाई वाटीतला बोटभर शिरा ह्यांच्या तोंडात घालत होत्या. रव्याचा. लेकाचे पाय नीट व्हावेत म्हणून त्यांनी नवस बोलला होता, दर गुरुवारी प्रसाद. माझ्यापासून लपवून!

"थुंका! आधी थुंका ते!" मी ओरडले.

हे तोंड मिटून बसले. आईच्या हातचा प्रसाद, तो देवासमोर थुंकायचा कसा?

"प्रसाद बाधत नसते वं," सासूबाई म्हणाल्या. "एवढासा तं आहे."

मी ह्यांच्याकडे वळले. म्हटलं, "गिळू नका. उठा. डॉक्टरांसमोर चालता तसं चालून दाखवा आईंना. टाचेला अंगठा लावत, ह्या फरशीच्या रेघेवरून."

आईसमोर हे कायम बसलेले असायचे, नाहीतर भिंत धरून. उठले. एक पाऊल टाकलं. दुसरं उचललं तसे कलले, हात हवेत गेले आणि धाडकन फ्रिजवर आदळले. तोंड तरीही मिटलेलंच.

"बाबू!" सासूबाई किंचाळल्या. मग माझ्याकडे वळल्या. "इतकं झालं? मले काहून नाही सांगितलं कोणी?"

"वाढतच चाललंय, आई," मी म्हटलं. मला दया आली नाही. "आणि तुमचा नवस चालूच आहे."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पन्नाशीच्या लेकाची हनुवटी धरली आणि माती खाल्लेल्या पोराच्या तोंडात घालावं तसं बोट घालून शिरा ओढून काढला. "थुक. अजून आहे. थुक म्हणते न!" ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो उष्टा प्रसाद तळहातावर घेऊन सासूबाई देवापुढे उभ्या राहिल्या. फेकायची हिंमत होईना. शेवटी त्यांनी तो स्वतःच्याच तोंडात टाकला आणि गिळला.

"नवस माहा होता," त्या देवाला म्हणाल्या. "बाधायचं असंल तं मले बाध."